जलपिंपळीची चार पोती

आधीच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. परीक्षेची उत्तरं सोडली तर सलग चार पानं मी आजवर कशावरही लिहिलेली नाहीत, आणि आमच्या घरात लिहिता येणारा माझ्याआधी फक्त माझा थोरला भाऊ, तोही चौथीपर्यंत. शिवाय जे सांगायचं आहे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. ते घाणीबद्दल आहे. कोणी जेवताना हे वाचायला घेतलं असेल तर त्यांनी आधी जेवण उरकावं, ही विनंती. मी हे दोनदा लिहून फाडलं आहे. एका फुलाच्या वेलीवर लिहितो आहे असं मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "वा, छान विषय." छान मुळीच नाही. ते फूल आजही दिसलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

साठ सालच्या आसपास मी यवतमाळला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला फी माफ होती आणि वसतिगृहात राहायला मिळत होतं. बदल्यात रोज सकाळी दीड तास काम करायचं. कॉलेजची इमारत उंचावर आहे आणि तिच्यापुढे मुरमाचा मोठा उतार. दर पावसाळ्यात तो मुरूम वाहून फाटकापाशी येऊन साचायचा. हरळी लावून पाहिली होती, पण ती चैत्रातच करपून जायची. या उताराचं काय करावं हा आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांचा ध्यास होता.

एक दिवस ते वर्गात कुंडी घेऊन आले. तिच्यात चार बोटं उंचीची, पसरलेली वेल होती. ही जलपिंपळी, ते म्हणाले. गवतासारखी वाढत नाही, जमिनीला चिकटून पुढे सरकते. प्रत्येक पेरापाशी मुळं फुटतात आणि ती मुळं माती धरून ठेवतात. एकदा बसली की वर्षानुवर्षं राहते, वरून फुलतेही. नागपुरातल्या कोणाकडून एवढीच मिळाली आहे. उतार झाकायचा तर पोत्यांनी लागेल. "कोणी कुठं पाहिली आहे का ही?"

मी मागच्या बाकावर बसायचो. दोन वर्षांत वर्गातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला आधीपासून माहीत नव्हतं. हे होतं. मी हात वर केला आणि उभं राहून म्हणालो, "सर, आमच्या गावाकडं पुष्कळ आहे."

"अरे वा! कुठं वाढते?"

"नाल्याच्या काठानं."

खोटं नव्हतं. अर्धं होतं.

आमचं गाव फुलसावंगीकडचं. गावाच्या खालच्या अंगानं नाला वाहतो. पुरुषांची गोदरी मसणवटीकडच्या माळावर आणि बायकांची नाल्याच्या काठावर, बोरी-बाभळींच्या आडोशाला. गोदरी म्हणजे गाव जिथं पहाटे आणि तिन्हीसांजेला टमरेल घेऊन बसायला जातं ती जागा. बायकांच्या बाजूला पुरुषानं जायचं नाही, दिवसाही नाही. शेळी तिकडे गेली तर राखणदार पोरगा लांब उभा राहून हाका मारतो, आत शिरत नाही. चुकून जरी एखादा शिरला तर वर्षभर त्याचं नाव घेऊन बाया हसतात.

पण अगदी लहान पोरांना आया सोबत नेतात. तसा मीही जात होतो. ती वेल मी पाहिली होती तिथंच. सगळा काठ तिनं गच्च हिरवा, आणि त्या हिरव्यावर काय काय पडलेलं असायचं ते लिहीत नाही. वर माश्या घोंगावायच्या. आमच्याकडे तिला नाव नाही. गोदरीचा पाला म्हणतात. ढोरसुद्धा तोंड लावत नाही.

हे मी सरांना सांगायला हवं होतं. पण ते माझ्या बाकापर्यंत चालत आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या कामाचा प्रमुख तू." मी मान डोलावली.

मे महिन्याच्या सुटीत गावी गेलो. आईवडील मी लहान असतानाच गेले. घरात भाऊ आणि वहिनी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. माझ्या शाळेचे कपडे तिनंच धुतले. ती भाकरी थापत होती. मी बराच वेळ दाराशी घुटमळलो.

"वहिनी, तो गोदरीवरचा पाला नाई का, बारक्या पांढऱ्या फुलाचा… तो पायजे मले. चार पोते."

तिचा हात परातीतच थांबला. "चार पोते? कायले?"

"कॉलेजापुढं लावाचा आहे. शोभेसाठी."

"माय वं!" ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले, आणि पीठ गालाला लागलं. "इतके शिकून राह्यले, भाऊजी, अन् शेवटी गोदरीवरच आले का?"

"मी आणतो ना. दुपारी कोणी नसते तिकडं."

"तुमी पाय ठेवून त पाहा तिकडं. बाया झाडूनं मारतीन तुमाले, अन् मंग माह्याकडं येतीन. मीच आणून देईन."

"मुळं तोडू नका पण. मुळासकट पायजे."

"मुळासकट," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दोन दुपारी ती विळा आणि खुरपं घेऊन गेली. उन्हानं गावातलं कुत्रं बाहेर निघत नव्हतं अशा वेळी. मागच्या अंगणात एकेक पोतं आणून टाकायची. त्या पोत्यांतून जे टपकत होतं त्याला पाणी म्हणता येत नाही. मी ती बादलीनं धुवायला बसलो. मुळांच्या जाळीत चिकटलेला चिखल होता आणि चिखलात पांढरे किडे वळवळत होते, भाताच्या शितांसारखे. मी नाकाला रुमाल बांधला. वहिनीनं बांधला नव्हता. भाऊ शेतातून आला, दारातच थबकला आणि म्हणाला, "हे शिकाले धाडलं होतं का तुले?" त्या दिवशी त्यानं बाहेरच, कडुनिंबाखाली ताट मागवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं दोनदा आंघोळ केली, हात राखेनं घासले आणि मला वाढलं. भाकरी माझ्या ताटात ठेवताना मी तिच्या नखांकडे पाहिलं. नखं स्वच्छ होती. तरी मी म्हणालो, "भूक नाई." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं, आणि भाकरी उचलून परत टोपलीत ठेवली. मला जी किळस आजवर आली त्यात सगळ्यात घाण किळस ती होती, आणि ती माझी होती.

पोती एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टर शिडीवरून ओरडला, "काय भरलं आहे बे यात?"

"झाडं आहेत."

"जितीच आहेत ना?"

दिग्रसला गाडी बदलायची होती. पोती स्टँडवर उतरवली तर भोवती गोल मोकळा झाला. गिरणीचा कोणी दलाल होता, धोतराचा सोगा नाकाला लावून तो म्हणाला, "पोरा, आम्ही पण माल नेतो बाप्पा गाडीवरून. पण मालाआधी असा वास पोचत नाई आमचा." सगळे हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर रडलो असतो.

जूनमध्ये लागवड केली. ती कशी करायची हे सांगतो, कारण एवढंच मला नीट येतं. उतारावर आधी कुदळीनं आडव्या सऱ्या पाडायच्या. मुरमात काळी माती आणि शेणखत मिसळायचं. वेलीचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून वितीवितीवर आडवे ठेवायचे, वर माती टाकायची आणि टाचेनं दाबायचं. पहिले पंधरा दिवस ओल मोडू द्यायची नाही. दाट सावली तिला चालत नाही. मधे मधे हरळी आणि लव्हाळा डोकं काढतो तो हातानं उपटायचा, विळ्यानं कापला तर दुप्पट येतो. बसल्यावर वेल आपण होऊन चालायला लागते, महिन्याला हातभर. वर्षातून दोनदा विळा आडवा धरून भादरायची, म्हणजे दाट होते.

सर म्हणाले, वसतिगृहाच्या मोरीचं पाणी हिला उत्तम, त्यात नत्र असतं. तेव्हापासून मी सकाळी मोरीच्या डबक्यात बादली बुडवायचो. त्यात पन्नास पोरांच्या दातवणाच्या गुळण्या, साबणाचा फेस, उष्ट्या ताटांचं पाणी. वर एक तवंग असायचा, राखाडी, त्याला बोट लागलं की तुटायचा नाही, ताणला जायचा. मी श्वास धरून ओतायचो. वेल मात्र खुशीत होती. जितकं घाण पाणी तितकी हिरवी. मला तिचा रागच यायला लागला.

श्रावणात ती फुलली. शेंगदाण्याएवढं जांभळट बोंड आणि त्याच्याभोवती बारीक पांढऱ्या फुलांचं कडं, अशी हजारो. सगळा उतार फुलला. मुरमाचा एक खडा फाटकापाशी आला नाही. सर सकाळी अनवाणी तिच्यावरून चालायचे. पोरांना चालायला लावायचे. एकदा वर्गालाच तिथं बसवून त्यांनी एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं. "सर्दीवर गुणकारी. वैद्य वापरतात. चावून पाहा." पोरांनी चावली. मला दिलं ते मी मुठीत चुरगळलं.

कसल्याशा समारंभाला पाहुणे आले. पाहुण्यांबरोबर त्यांच्या पत्नीही होत्या. त्यांनी वाकून दोन बोंडं खुडली, "अगंबाई, किती नाजूक," म्हणत अंबाड्यात खोवली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही लावलं हे? हात चांगला आहे हो तुमचा." मी नमस्कार केला आणि इमारतीमागे जाऊन ओकलो.

दिवाळीत घरी गेलो.

आमच्या गावात तिन्हीसांजेला बायका एकमेकींच्या दारात हाक देतात. पहिली शेजारणीला हाक मारते, त्या दोघी तिसरीला, अशी रांग वाढत जाते आणि नाल्याकडे उतरते. दिवसभरात बाईमाणसाला घराबाहेर बसून बोलायला मिळतं ते तेवढंच. कोणाचं पोट दुखतं, कोणाला मारलं, कोणाचं लग्न ठरलं, सगळं तिथं. ती जागा घाण आहे म्हणून मी नाक मुरडतो, पण त्यांची सगळी मजलीस तीच. वहिनी नवी आली तेव्हा पहिल्या वर्षी ती त्या रांगेत गेल्यावरच गावाची झाली, असं ती स्वतः म्हणायची.

त्या संध्याकाळी मी ओसरीवर होतो. हाका ऐकू आल्या. शेजारच्या बुढीचा आवाज जवळ आला. आमच्या दारापाशी सगळे आवाज गप्प झाले, पावलं पुढे गेली, आणि पुढच्या दारी पुन्हा हाक झाली. वहिनी आत चुलीपाशी बसून होती. अंधार पडल्यावर ती एकटी टमरेल घेऊन निघाली. तिला सहावा महिना होता.

मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "बायाच्या गोष्टीत आपून पडू नाई."

दुसऱ्या दिवशी वहिनीलाच विचारलं. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काठ गेला, भाऊजी."

"कोणता काठ?"

"आमचा. पाला काढला तिथून माती सुटली. आखाडात पूर आला तवा बोरी-बाभळी समदं घेऊन खाली बसला. आता तिथं उभं राहाले जागा नाई."

"मग बाया कुठं जातात?"

"गाडीवाटेनं बसतेत. गाडी आली का उठाचं, गेली का बसाचं. पुन्हा आली का पुन्हा उठाचं. बुढीले लवकर उठता येत नाई, ते चिखलात पडली." तिनं एक खडा बाजूला काढला. "दारात येऊन बोलली मले. तुह्या देवराच्या फुलासाठी आमाले वाटेवर उघडं केलं, म्हणे. आता तू आमच्यात येऊ नको. मंग मी एकटी जातो."

"एकटी, वाटेवर?"

"गाडीवाले गाणे म्हणतेत," ती म्हणाली. "म्हणू द्या."

मुळं माती धरून ठेवतात. हे मी वहीत लिहून घेतलं होतं, त्यावर मला दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. यवतमाळच्या उताराची माती धरायला मी ती मुळं आणली आणि जिथून आणली तिथंही माती आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

वहिनीचे दिवस भरत चालले होते. बाळंतपणात शेजारणी लागतात, सुईणीला बोलवायला, पाणी तापवायला, पोर धरायला. भाऊ काही करू शकला नसता. तिला त्या रांगेत परत घेतलं जाणं एवढंच मला हवं होतं.

"मी तो पाला परत आणतो," मी म्हणालो.

"आणा. लावीन मी. तुमी तिकडं येऊ नका."

कॉलेजात परतलो आणि सरांच्या खोलीत गेलो. ते चहा घेत होते. उतारावरून विरळणी करून सहा पोती काढू द्या, असं मी म्हणालो. कशाला, त्यांनी विचारलं. मी खोटं बोलायचं ठरवून आलो होतो, पण तोंड उघडल्यावर खरंच निघालं, पहिल्यापासून सगळं. गोदरी हा शब्द मी त्यांच्यापुढे उच्चारला तेव्हा माझे कान तापले.

सरांनी आम्हाला वर्गात सांगितलं होतं की विज्ञानात घाण नावाची गोष्ट नसते, सगळं द्रव्य असतं. त्यांनी कप खाली ठेवला. जीभ ओठांवरून फिरवली. मग उठले, खिडकीबाहेर थुंकले, तांब्यातल्या पाण्यानं गुळणी केली, पुन्हा थुंकले. तोंड रुमालानं इतकं घासलं की ओठ लाल झाले. तीन महिन्यांपूर्वी चावलेलं पान होतं ते.

"बायका तिथं…" ते म्हणाले. बायका आता कुठं जातात हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिपाई आणि दोन मजूर उतारावर कुदळी मारत होते. सगळी वेल उपटून जाळायची, असा हुकूम होता. मी शिपायाच्या हातापाया पडलो आणि मला हवी तेवढी भरून घेतली. उतार पुन्हा नागडा झाला. मला कामावरून काढलं नाही. घंटा वाजवायचं काम दिलं. फी माफच राहिली. पण त्या दिवसापासून सर माझ्या हातातून कागद घेत नसत. मी वही पुढे केली की ते बोटानं टेबलाकडे दाखवायचे. मी ठेवायचो, मागे सरायचो, मग ते उचलायचे. ते वाईट माणूस नव्हते. पण त्या बोटाची मला जितकी किळस आली तितकी मोरीच्या तवंगाचीही आली नव्हती. आणि ते बोट मी ओळखत होतो. मे महिन्यात मी स्वतः ताटापुढे बसून तेच केलं होतं.

पोती घेऊन रविवारी गावी पोचलो. वहिनीला उंबऱ्यात बसवून मी जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या. "हे पाहा, उभं लावाचं नाई. उताराले आडवं लावाचं, म्हणजे पाणी…"

"शेताच्या धुऱ्यावर आमी काय उभं लावतो का, भाऊजी?" ती म्हणाली. "अंबाडी आडवी, तूर आडवी. पाला काढला का माती जाते, हे पोट्ट्याले बी ठाऊक असते."

मी काडी खाली ठेवली. "मग तवा काहून नाई बोलल्या?"

"तुमी मुळासकट म्हणाले ना. मले वाटलं, शिकलेला माणूस म्हणून राह्यला, त त्याले माहीत असन."

मी जमिनीवरच्या रेघा पायानं पुसल्या.

तिनं एकटीनं लावलं. कोसळलेल्या काठाखाली दगडांची ओळ रचली, तिच्यामागे माती भरली आणि वेल आडवी दाबत गेली, पोट सांभाळत. चार दिवस लागले. मी जाऊ शकत नव्हतो, घरात बसून राहायचो. तिनं एक-दोघींना विचारून पाहिलं होतं, पण बुढी नाही म्हणाली म्हणून कोणी आलं नाही. एक जण तर वाटेत थुंकली म्हणे.

माघात तिला मुलगी झाली. सुईण आली, बाकी कोणी नाही. पाणी भावानं तापवलं. बारशाला तिच्या माहेरच्या दोघी आणि आमची एक दूरची आत्या, एवढ्याच बायका. पाळणा म्हणायला आवाज पुरेनात. हे मला मेमध्ये घरी गेल्यावर कळलं. पत्रात हे कोण लिहिणार? आमच्या गावी आलेलं कार्ड पोस्टमन चौकात मोठ्यानं वाचून दाखवतो, मग देतो.

त्या मेमध्ये पाहिलं, वहिनी निघताना दोन टमरेलं न्यायची. एक तिच्यासाठी आणि दुसरं वेलीसाठी. उन्हाळ्यात नाला डबक्यांचा उरतो, काठावर पाणी चढत नाही. ते टमरेलभर पाणी ती पेराच्या बुडाशी ओतायची, आज एक हात जागा, उद्या पुढचा हात. मी म्हटलं, एवढ्यानं काय होणार? ती म्हणाली, "जिती राह्यली म्हणजे झालं. वाढणं तिचं ती वाढन." तिच्या पायांना चिखल असायचा. मी पाणी ओतून द्यायला पुढे झालो तर ती मागे सरायची. "राहू द्या, तुमाले शिसारी येते." तिनं हे टोमण्यानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं सहज म्हटलं.

मी तरी तांब्या घेऊन पाणी ओतलं. वास आला. ओकारी गिळली आणि ओतत राहिलो. यात मोठेपणा काही नाही. मला अजूनही किळस येते. फक्त कोणासमोर मागे सरायचं नाही एवढं मी ठरवलं आहे, आणि तेही दर वेळी जमत नाही.

सुटी संपेपर्यंत दारात हाक आली नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. पाऊस लागला. यवतमाळच्या उताराचा मुरूम पुन्हा फाटकापाशी येऊन साचला; मी घंटा वाजवायला जाताना तो चपलेखाली करकरायचा. गावाकडे पूर आला असेल का, काठ राहिला असेल का, हे मला रोज वाटायचं. भावाची कार्डं येत होती. पऱ्हाटीला कापसाची बोंडं बरी आहेत. ज्वारीवर कीड आहे. ढवळ्या बैल लंगडतो. पोरगी बसायला लागली. सर्व खुशाल. मी उत्तरात तब्येत विचारायचो, पीक विचारायचो. वहिनीला कोणी हाक मारतं का, हे कार्डावर कसं विचारायचं ते मला सुचत नव्हतं. एकदा लिहिलं, "वहिनीचं मन बरं आहे का?" भावानं उत्तर दिलं, "मनाला काय झालं आहे?"

भाद्रपद सरत आला तेव्हा आणखी एक कार्ड आलं. पहिल्या पाच ओळी बैलाबद्दल होत्या. मग भावानं कडेला, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात, तक्रार लिहिली होती: पूर दोनदा येऊन गेला. इकडे आठ-दहा दिवसांपासून मला रात्रीची भाकर वेळेवर मिळत नाही. दिवे लागले की शेजारची बुढी दारात येऊन तुझ्या वहिनीला घेऊन जाते, पोरीलाही कडेवर नेतात, आणि नाल्याकडे साऱ्या जणी तासभर बोलत बसतात. हसण्याचा आवाज घरापर्यंत येतो. मी बोललो तर ऐकत नाही. तुझं ऐकते, तर तू तिला दोन शब्द लिहावे.